व्हय म्हणणारं माणूस

“बोलते ते चालेल गं. या वयात बोलतात माणसं एकटी. पण ही मध्येच थांबते. कुणीतरी उत्तर देणार असल्यासारखी.”

संदेशदादा फोनवर होता आणि पलीकडे ठाण्याला त्याची बायको. मी गडग्याच्या अलीकडे होते. गडगा म्हणजे आमचं आणि मयेकरांचं आवार वेगळं करणारी जांभ्या दगडांची भिंत. उभं राहिलं तर माणूस दिसावं आणि बसलं तर दिसू नये, एवढीच तिची उंची. मी बसले होते. त्या दिवसांत मी बहुतेक वेळ बसलेलीच असायचे.

“कुणाशी काय? नारळाशी,” दादा म्हणाला. मग आवाज खाली आणून, “नाही, हसू नको. मी तिला घेऊन येतोय. कायमची.”

ती म्हणजे त्याची आई, आमच्या नलूकाकी. माहेर हर्ण्याचं, त्यामुळे मासळीच्या लिलावात दुसऱ्याच्या वरचढ बोलायची सवय लहानपणापासूनची. नोकरी सगळी बस स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. गाड्यांची घोषणाही त्याच करत. निवृत्तीच्या दिवशी माईक काढून घेतला, पण आवाज त्यांच्याकडेच राहिला. नवरा गेल्यावर रत्नागिरीत मांडवीच्या त्या घरात त्या एकट्याच राहत. घर धड, पेन्शन चालू, गुडघा मात्र अधूनमधून संपावर.

मी पुण्याची नोकरी सोडून घरी आले होते. का, ते इथं सांगत नाही. काकींनीही विचारलं नव्हतं, आणि न विचारणारं मांडवीतलं ते एकमेव माणूस होतं. पुण्याला एक समुपदेशक बाई मला काही सवयी लावून गेल्या होत्या. सकाळी उठल्यावर काय करायचं, फोन कुठे ठेवायचा, नको असलेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं, मनातलं कुणापाशी तरी बोलून कसं मोकळं व्हायचं. पहिल्या तीन गोष्टी मी शाळेतल्या गृहपाठासारख्या करत होते. चौथी जमत नव्हती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की वर्गाबाहेर उभं राहावं लागे. त्याचा परिणाम असा की मला मनातलं इंग्रजीत सुचतं, आणि आईशी इंग्रजीत मोकळं होण्याची कल्पना आम्हा दोघींनाही झेपणारी नव्हती.

काकींना या सवयी कुणी लावल्या नव्हत्या. त्यांच्या त्या होत्याच, आणि त्यातली एकही त्यांनी तब्येतीसाठी किंवा कुणाच्या भल्यासाठी धरलेली नव्हती. बऱ्याचशा तर दुसऱ्यांना त्रास व्हावा अशाच होत्या.

सकाळचा चहा त्या मागच्या पायरीवर बसून पीत. तो संपेपर्यंत जगाशी बोलणं बंद. दूधवाला येवो, मीटर बघणारा येवो, आमची आई काही मागायला येवो, काकी एक बोट वर करत आणि समोरचा जिथल्या तिथे थांबे. आई एकदा हातात रिकामी वाटी घेऊन त्यांचा कप संपेपर्यंत उभी होती. “साखर मागायला गेले होते, मुलाखतीला नाही,” असं घरी येऊन म्हणाली. फोन त्या वेळी तांदळाच्या डब्यात असे. तो वाजला की डब्यातून कुणीतरी पुरलेलं माणूस हाका मारतंय असं वाटे.

“काकी, फोन वाजतोय,” मी सुरुवातीला एकदा सांगितलं होतं.

त्यांनी बोट वर केलं. चहा संपवला. कप विसळला. मग म्हणाल्या, “वाजू दे की गो. तांदूळ काय उठून बसणार हायत?”

संदेशदादा ठाण्याला एका मोठ्या कंपनीत कामाला होता. कामाला लागलेल्या माणसांची मनं शाबूत राहावीत हे बघणारं त्यांच्याकडे एक खातं आहे, त्यात. त्या खात्यातले सल्ले तो रोज आईलाही पाठवी. ‘दिवसाचा पहिला तास फोनला हात लावू नका’ हा सल्ला काकींनी दुपारी भातासाठी तांदूळ काढताना वाचला आणि कौतुकाने मला दाखवला. मग त्यांनी चष्मा जरा पुढे ओढून वेळ बघितली. “सकाळी सहाला पाठवलान. म्हणजे हा उठल्या उठल्या फोनला लागला.” आणि त्यांनी फोन परत डब्यात घातला.

नाही म्हणण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हळदीकुंकू, भिशी, कुणाच्या तरी नातवाचं बारसं, जायचं नसलं की त्या कारण देत नसत. “आज गाडी नाही,” एवढंच म्हणत. समोरच्या बाईने “अहो पण का?” असं विचारलं की, “नाही म्हणजे नाही. उद्या चौकशी करा.” हे त्या इतक्या सरकारी थंडपणाने म्हणत की बाई खरंच दुसऱ्या दिवशी चौकशी करायला येई. मला हेच पुण्याला तीन भेटींत शिकवण्यात आलं होतं, आणि तरी आईने “मावशीकडे चल” म्हटलं की मी आधी पोटात दुखतंय म्हणायचे, मग जायचे, मग खरंच पोटात दुखायचं.

संध्याकाळी काकी मांडवीच्या किनाऱ्यावर जात. फिरायला जाते असं सांगून निघत आणि कठड्यावर बसून राहत. फिरणाऱ्या लोकांचा त्यांना राग होता. बूट घालून, हात हलवत, घड्याळात बघत जाणारी माणसं दिसली की त्या हळू आवाजात घोषणा करत, “डॉक्टर साहेब, विनाथांबा, फलाट दोनवरून सुटत आहेत. त्यांच्या मागून वकीलवहिनी, ही गाडी जलद असूनही सर्व थांबे घेते.” वकीलवहिनी खरोखरच प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबत होत्या. मी अनेक आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तिथं. काकींनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी हसायची थांबले असते, हे त्यांना माहीत असावं. किंवा त्या पुढच्या गाडीची वाट बघत असाव्यात. काकींच्या बाबतीत नक्की काही सांगता येत नाही.

किनाऱ्यावरून आल्या की दिवा लावून त्या मागच्या दारी जात, आणि ज्यावरून पुढे सगळं घडलं ते तिथं चाले.

कोकणात प्रत्येक आवाराला एक जागेवाला असतो. जमिनीचा राखणदार. दिसत नाही, पण असतो. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्या आवाजात आपलं सुखदुःख त्याच्या कानावर घालायचं आणि सांभाळ म्हणायचं. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बोलणारा गावकर किंवा गुरव, पुरुषच असतो. काकींनी हे काम स्वतःकडे घेतलं होतं, आणि वर्षातून एकदा ऐकणाऱ्या जागेवाल्याला रोजच्या ड्यूटीला लावलं होतं. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं असं आईने एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, “कोण म्हणतो? ऐकणारा तर काय बोलला नाय.”

नारळाच्या बुंध्यापाशी एक काळा दगड होता. त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन त्या उभ्या राहत आणि स्टँडच्या आवाजात सुरू करत. “बा जागेवाल्या म्हाराजा! आज नळाला पाणी आलं नाय. गॅसवाला उद्या येतो म्हणालाय, त्याला ती बुद्धी उद्यापर्यंत राहू दे. गुडघा दुखतोय. सुनेला माझी भाजी आवडत नाय, तिला तिथं चांगली भाजी मिळू दे.” याचे नियम होते. तेच रडगाणं आठवड्यात दोनदा सांगायचं नाही. कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि एकदा सांगून झालं की हात धुऊन आत यायचं आणि त्या विषयावर झोपेपर्यंत बोलायचं नाही. आई गडग्यावरून “काय हो, पाण्याचं काय झालं?” असं विचारायला गेली तर उत्तर येई, “खिडकी बंद झाली, वहिनी.”

हे सगळं फार सुंदर होतं असा समज होऊ नये. जागेवाल्याच्या आडून काकी शेजाऱ्यांशी भांडत. “शेजारच्या वहिनीच्या फणसाची पानं रोज माझ्या अंगणात पडतात म्हाराजा. वहिनी वाईट नाय. पण तिला दिसत नाय. तिला नजर दे!” आणि आमच्या स्वयंपाकघरात आई हातातलं भांडं आपटून म्हणे, “देवाला सांगतेय की मला?” दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती मुकाट्याने पलीकडे जाऊन पानं झाडून येई. मग संध्याकाळी आमच्याकडे देवापुढे बसून जरा चढ्या आवाजात, “देवा, लोकांच्या नारळाच्या झावळ्या आमच्या कौलांवर पडतात, आम्ही बोलतो का?” अशी दोघींची बोलणी वर्षानुवर्षं चालली होती. समोरासमोर त्या एकमेकींना वहिनी आणि नलूताई म्हणत आणि फक्त सांडग्या-मिरच्यांबद्दल बोलत.

प्रत्येक वाक्यानंतर काकी थांबत. मलाही ते थांबणं सुरुवातीला विचित्र वाटलं होतं. मग आईने सांगितलं. काका, म्हणजे काकींचे यजमान, होते तेव्हा आत आरामखुर्चीत पेपर वाचत असत. काकी वाक्य संपवून थांबल्या की ते आतून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. “ऐकत होते असं नाही,” आई म्हणाली, “एकदा हिने ‘माझा नवरा बहिरा झालाय’ म्हणून गाऱ्हाणं घातलंन, त्यालाही व्हय म्हणाले.” काका गेले, खुर्ची दादाने ठाण्याला नेली, आणि वाक्याच्या शेवटची ती जागा तेवढी रिकामी राहिली. काकी तिथं येऊन थांबत. एक माणूस ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल एवढा वेळ. मग पुढचं वाक्य.

मी रोज ते गडग्याला पाठ लावून, आमच्या धुण्याच्या दगडावर बसून ऐकायचे. काकींना माहीत होतं का, कोण जाणे. एका संध्याकाळी गॅस, गुडघा, पाणी झाल्यावर त्या म्हणाल्या, “शेजारची मुलगी परत आलीय म्हाराजा. काय झालंय ते ती सांगत नाय, तू पण विचारू नको. झोप तेवढी लागू दे तिला.” आणि थांबल्या. त्यानंतर मला छान झोप लागली असं लिहायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. उलट आईने जेवताना विचारलं, “तुला झोप लागत नाही हे मयेकरणीला आधी कसं कळलं?” आणि आमच्या घरात त्या विषयावर पहिल्यांदाच बोलणं झालं. थोडंच झालं. पण मराठीत झालं.

त्याच सुमारास मांडवीच्या सभागृहात महिला मंडळाने मनःशांतीचं शिबिर ठेवलं. मुंबईहून एक बाई आल्या होत्या, गोड आवाजाच्या. पंखे लावून, खिडक्या बंद करून त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितलं. “आता कल्पना करा, की तुम्ही समुद्रकिनारी आहात.”

“आहोतच,” काकी म्हणाल्या.

बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवून लाटांच्या आवाजाची टेप लावली. दोन मिनिटं काकींनी कळ काढली. मग उठल्या, समुद्राकडची खिडकी धाडकन उघडली आणि म्हणाल्या, “ही चालू हाय ना? ती कशाला?” बायका हसल्या. बाईही हसल्या, बिचाऱ्या. काकी विजयी मुद्रेने जागेवर येऊन बसतात तोवर वारा फिरला आणि बाहेर वाळत घातलेल्या सुकटीचा वास असा काही आत आला की मुंबईच्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि वकीलवहिनींनी धावत जाऊन खिडकी लावून घेतली. टेपमधल्या समुद्राला वास नव्हता, हे मान्य करावं लागलं. घरी जाताना काकी म्हणाल्या, “बाईचं पण काय चुकलं नाय म्हणा.” त्यांनी कुणाचं बरोबर आहे असं म्हटल्याचं मला आठवणारं हे एकच उदाहरण.

आणि मग ते चेहऱ्यांचं प्रकरण. दादाने दिवाळीला आला तेव्हा काकींच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. रोज एकदा ते विचारी, आज तुम्हाला कसं वाटतंय? खाली पाच गोल चेहरे. खूप हसणारा, थोडा हसणारा, मधला, पडलेला आणि रडणारा. आपल्याला लागू असेल तो दाबायचा. तो काकींनी दाबला की दादाला ठाण्याला कळे. काकी न चुकता दाबत. तांदळाच्या डब्यातून फोन निघाला की पहिलं काम ते.

एकदा मी बघितलं. दिवस उत्तम चालला होता. ताजे बांगडे मिळालेले, गॅस आलेला, आईशी फणसावरून तह झालेला. काकींनी चष्मा लावून रडणारा चेहरा दाबला.

“काकी, काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“काय व्हायचंय? आज त्याची पाळी हाय.”

मला कळेना. काकींनी समजावलं. हर्ण्याला त्यांच्या माहेरच्या देवळात पूजेची पाळी असते. यंदा या घराची, पुढे त्या घराची. सगळी घरं मानकरी, कुणाला वगळायचं नाही. वगळलं की भांडणं होतात. “पाचही बसलेत तिथं आशेनं. एकालाच रोज दाबला तर बाकीच्यांनी काय करायचं? रडक्याला तर जगात कोणी दाबत नसेल गो.” मधल्या चेहऱ्याला त्या कधीकधी जास्तीची पाळी देत. “ना हसू ना रडू. त्याच्याकडे बघवत नाय.”

ठाण्याला दादाच्या फोनवर त्याचा आलेख उमटत होता. आई एका सोमवारी आनंदाच्या शिखरावर, मग एकेक पायरी खाली, शुक्रवारी अश्रू, शनिवारी पुन्हा शिखर. महिनोन्‌महिने. कुंभार्ली घाटासारखी रेघ. त्याच्या खात्यात अशी रेघ बघून काय करायचं याचं शिक्षण त्याला मिळालेलं होतं. त्यात वकीलवहिनींनी कुठल्याशा लग्नात त्याला सांगितलं की तुझी आई संध्याकाळी झाडाशी बोलते. दादा शिमग्याच्या दहा-बारा दिवस आधी, न कळवता, रत्नागिरीत आला.

सगळी मुंबई शिमग्याला, घरोघरी येणाऱ्या ग्रामदेवतेच्या पालखीसाठी खाली कोकणात उतरते, आणि हा एकटा आपल्या आईला वर घेऊन जायला आला होता. तिकिटं परवा सकाळची. काकींनी त्याला पाळीचं सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे, मधे न बोलता, डोळ्यांत डोळे घालून ऐकत होता, कामावर ऐकतो तसा. शेवटी म्हणाला, “म्हणजे आई, ते चेहरे तुझ्याकडे आशेने बघतात असं तुला वाटतं?” त्यानंतर काकींनी समजावणं सोडलं.

दादा वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण आईने त्या दोन दिवसांत त्याला बरंच वाईट ठरवलं. तो आमच्याकडे चहाला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. चहाबरोबर त्याने पित्ताची गोळी घेतली. बोलता बोलता त्याचा फोन सारखा थरथरत होता आणि प्रत्येक वेळी त्याच्या पापणीची एक शीर उडत होती.

“मी हौसेने नेतोय का काकू? तिच्या पेन्शनीचा मला उपयोग नाही, घराचाही नाही. तिथं दोन खोल्यांत आम्हीच चौघं. पण ती एकटी आहे. बोलते, थांबते, उत्तराची वाट बघते. हे पुढे कुठं जातं ते मला माहितेय. रोज तिच्या बोलण्याला ओ देणारं एक माणूस इथं असतं ना, एक, तर मी नेलंच नसतं.”

“आम्ही आहोत की,” आई म्हणाली.

“काकू, तुम्ही दोघी एकमेकींशी देवामार्फत बोलता. मी लहानपणापासून ऐकतोय.”

दादा माझ्याकडे वळला. “तू असतेस ना मागच्या दारी? तुला काय वाटतं? ती ठीक आहे?”

माझ्या डोक्यात पूर्ण, नीट उत्तर तयार होतं, मुद्द्यांसकट, इंग्रजीत. बाहेर आलं ते असं, “हो. म्हणजे. असतात.” त्याने मान डोलावली. लाजऱ्या माणसांशी कसं वागायचं याचंही त्याला शिक्षण होतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी कुळथाची पिठी आणि मऊ भात केला. डोकं जड झालं की त्यांचं जेवण तेच असे. वाटीभर आमच्याकडेही पाठवली, पहिल्यांदाच, म्हणजे आईचंही डोकं जड झालंय हे त्यांना कळलं होतं. पडवीत दोन बॅगा उभ्या होत्या. तांदळाचा डबा रिकामा करून उन्हात पालथा घातला होता. काकी किनाऱ्यावर गेल्या नाहीत. आई म्हणाली, “काही बोलत कशी नाही ही? भांडेल असं वाटलं होतं.” पण काकींचं सगळं बोलणं संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं असे, हे मला ठाऊक होतं. मी वेळेआधीच जाऊन धुण्याच्या दगडावर बसले.

दिवेलागणीला त्या मागच्या दारी आल्या. त्यांच्यामागून दादा आला आणि उंबऱ्यापाशी थांबला, फोन हातात तसाच. काकींनी पदर डोक्यावर घेतला. आवाज नेहमीचा, स्टँडवरचा.

“बा जागेवाल्या म्हाराजा! आज जरा जास्त हाय, ऐकून घे.”

थांबल्या.

“गुडघ्याचं राहू दे. त्याचं काय नाय.”

थांबल्या.

“वहिनीच्या फणसाची पानं माझ्या अंगणात पडतात, ती पडू दे म्हाराजा. पडली की कळतं, पलीकडे कोणीतरी हाय.”

आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद झाला.

“हा माझा मुलगा. जगाला झोपा म्हणून सांगतो आणि ह्याला स्वतःला झोप नाय. ह्याचा फोन कोणाच्यातरी तांदळात जाऊ दे.”

थांबल्या. दादाच्या हातातला फोन थरथरत होता. त्याने तो बघितला नाही.

“मला न्यायला आलाय तो वाईट म्हणून नव्हे. घाबरलाय म्हणून. त्याची भीती काढ. त्याचा संसार त्याच्या जागी सुखात ठेव. आणि मला माझ्या जागी ठेव म्हाराजा. पालखी दारात येईल तेव्हा दार उघडायला घरात माणूस असू दे.”

आणि थांबल्या.

या वेळी पुढचं वाक्य नव्हतं. सगळं सांगून झालं होतं. तरी त्या हात धुवायला वळल्या नाहीत. दगडासमोर तशाच उभ्या, पदर कानामागे खोचलेला, मान किंचित आमच्या बाजूला कललेली, गाडीची वेळ झाली की खिडकीतून रस्त्याकडे बघत असतील तशी. मला काकी आठवतात त्या अशा, अर्ध्या पाठमोऱ्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी हसले तेव्हाही बघितलं नव्हतं.

“आई,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. कामावरचा शांतपणाही नव्हता. लहान मुलगा अंधारात विचारतो तसं त्याने विचारलं, “कोण आहे गं तिथं?”

मी धुण्याच्या दगडावरून उठले. गडग्यावर आधी माझं डोकं दिसलं असेल, मग खांदे. इतक्या मोठ्या आवाजात मी मराठीत, किंवा कुठल्याच भाषेत, कधी काही बोलले नव्हते.

“व्हय म्हाराजा!”